जोडीदारांचा नाटककार : जॉर्ज कॉफमन

रंगभूमीच्या इतिहासांत नाटककाराचें जें चित्र रेखाटलेलें असतें तें बहुधा एकट्या माणसाचें असतें. दार लोटून घेतलेली खोली, समोर कोरे कागद, आणि आपल्या प्रतिभेशीं झुंज घेत बसलेला एक मनुष्य. अमेरिकेतील विनोदी नाटककार जॉर्ज एस्. कॉफमन याला या चित्रांत बसवूं जावें तर तें जमत नाहीं. त्याच्या खोलींत नेहमीं दोन माणसें असत. एक टंकयंत्रापाशीं बसलेला. दुसरा, म्हणजे बहुतेक वेळां कॉफमनच, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालणारा, मध्येंच वांकून गालिच्यावरचा दोऱ्याचा तुकडा उचलणारा, आणि बराच वेळ मौन धरून अखेर एखादें वाक्य असें टाकणारा कीं, त्यानें आधींचीं चार वाक्यें अनावश्यक ठरावीं. सन १९२१ पासून १९५५ पर्यंत त्याचीं नाटकें न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर येत राहिलीं. परंतु त्यांत यशस्वी, आणि सर्वस्वी त्याचें एकट्याचें म्हणावें, असें मोठें नाटक एकच आहे. बाकीच्या नाटकांवर त्याच्या नांवाशेजारीं दुसऱ्या कोणाचें तरी नांव उभें आहे. एकदां नव्हे, दोनदां नव्हे, जन्मभर ज्यानें आपल्या कीर्तीचा अर्धा वांटा दुसऱ्याला दिला, त्याचें स्वतःचें असें त्या नाटकांत काय होतें, हा प्रश्न साहजिकच पडतो.

कॉफमनचा जन्म १६ नोव्हेंबर १८८९ रोजीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. वडिलांनीं अनेक धंदे करून पाहिले, परंतु लक्ष्मी त्यांच्या घरीं फार दिवस रमली नाहीं. आईला दुखण्याची धास्ती अहोरात्र असे, आणि ती धास्ती मुलानें वारशानें घेतली. कोणाशीं हस्तांदोलन करावयाचें म्हणजे त्याच्या अंगावर कांटा येई. कायद्याचा अभ्यास त्यानें तीन महिन्यांत सोडला. कांहीं दिवस भूमापनाच्या तुकडींत काढले, आणि पुढें फितींचा फिरता विक्रेता म्हणून तो गांवोगांव हिंडला. नांवामधलें 'एस्' हें अक्षर जन्मापासूनचें नव्हे. तें त्यानें मागाहून स्वतःच घालून घेतलें. नुसतें 'जॉर्ज कॉफमन' छापलेलें त्याच्या कानाला आंखूड वाटलें असावें. वाक्य कोठें आंखूड पडतें आणि कोठें लांबतें हें ओळखणारा त्याचा कान असा प्रथम त्याच्या स्वतःच्याच नांवावर चालला.

त्या काळीं न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत फ्रँकलिन पी. ॲडम्स या लेखकाचें विनोदी सदर फार लोकप्रिय होतें. त्यांत वाचकांनीं पाठविलेले चुटके व कविता छापल्या जात. मोबदला म्हणून छापलेलें नांव तेवढें मिळे. फितींचा हा विक्रेता त्या सदराला नियमानें मजकूर पाठवूं लागला. ॲडम्सनें त्याची पारख केली आणि १९१२ सालीं वॉशिंग्टनच्या एका दैनिकांत त्याला स्वतंत्र सदर मिळवून दिलें. ती नोकरी सुमारें वर्षभर टिकली. मालकानें कचेरींत या तरुणाला पाहून त्याच्या ज्यू जातीविषयीं हेटाळणीचे उद्गार काढले आणि त्यांतच ती नोकरी गेली, असा वृत्तांत त्याच्या चरित्रांतून येतो. पुढें तो न्यूयॉर्कला आला आणि १९१७ पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या नाट्यविभागांत काम करूं लागला. आपल्या प्रमुख नटीचें नांव 'टाइम्स'मध्यें यावें म्हणून काय करावें, असें एका नाटक मंडळीच्या प्रसिद्धि-लेखकानें त्याला विचारलें असतां, तिला गोळी घालावी, असा सल्ला त्यानें शांतपणें दिला, ही गोष्ट न्यूयॉर्कमध्यें फार दिवस सांगितली जात असे.

ही नोकरी त्यानें १९३० पर्यंत सोडली नाहीं. तोंपर्यंत त्याचीं अनेक नाटकें गाजलीं होतीं, आणि पगाराच्या पाकिटाची त्याला यत्किंचित् गरज राहिली नव्हती. परंतु प्रत्येक प्रथम प्रयोगाच्या रात्रीं हें नाटक पडणार अशी त्याची खात्री असे. प्रयोग चालू असतां तो प्रेक्षागृहाच्या मागच्या अंधारांत फेऱ्या मारी आणि रंगमंचाकडे पाहण्यापेक्षां ऐकतच अधिक असे. वडिलांचे धंदे बसतांना ज्यानें लहानपणीं पाहिले, त्याला यशावर विश्वास ठेवण्याची संवय लागावी कशी? शिवाय या कचेरीनें त्याला जें दिलें तें पगारापेक्षां मोठें होतें. दुसऱ्याच्या मजकुरावर लाल रेघ ओढण्याची, अवाजवी शब्द हुडकण्याची, आणि जागा थोडी व मजकूर फार असतां काय गाळावें हें क्षणांत ठरविण्याची शिस्त त्याला येथें लागली. नाटककार झाल्यावरहि तो मनानें उपसंपादकच राहिला. त्याला जोडीदार कां लागे, याचें अर्धें उत्तर येथें मिळतें. संपादकापुढें संपादन करावयाला कांहीं तरी असावें लागतें.

पहिला जोडीदार मार्क कॉनेली, हाहि वृत्तपत्रांतलाच. ॲडम्सच्या सदरांत 'डल्सिनिया' नांवाची एक बाई अधूनमधून येत असे. सगळें गुळगुळीत झालेलें शहाणपण ती नवा शोध लागल्यासारखें बोलून दाखवी. या बाईला घेऊन दोघांनीं 'डल्सी' हें नाटक रचलें. नवऱ्याच्या धंद्याला हातभार लावावा म्हणून ती घरीं पाहुणे बोलावते, आणि आपल्या चातुर्यानें सारा व्यवहार बुडविण्याच्या बेतांत आणते. ऑगस्ट १९२१ मध्यें हें नाटक न्यूयॉर्कला लागलें, लिन फाँटन ही नटी त्यामुळें प्रसिद्धीस आली, आणि दोघे लेखक एका रात्रींत नाटककार ठरले. लगोलग 'मर्टन ऑफ द मूव्हीज' आलें, आणि १९२४ सालीं 'बेगर ऑन हॉर्सबॅक'. यांतलें शेवटचें आजहि वाचण्यासारखें आहे. एका गरीब संगीतकाराला धनिकाच्या मुलीशीं लग्न करण्याचा मोह पडतो, आणि स्वप्नांत तो त्या श्रीमंत घराचा संसार भोगून पाहतो. कलेचा कारखाना झाला तर त्यांतून काय निघेल याचें तें भेसूर आणि तितकेंच हास्यकारक चित्र आहे. मूळ कल्पना एका जर्मन नाटकावरून घेतलेली होती.

अल्गाँक्विन हॉटेलांत दुपारच्या जेवणाला जमणारें लेखक-टीकाकारांचें टोळकें याच सुमारास नांवारूपाला आलें. डोरोथी पार्कर, रॉबर्ट बेंचली, अलेक्झांडर वूलकॉट अशी जिभेला धार असलेली मंडळी त्यांत होती. त्या मेजाविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, येथें भर घालण्याचें कारण नाहीं. कॉफमन तेथें बसे, थोडें बोले, आणि जें बोले तें दुसऱ्या दिवशीं गांवभर होई.

कॉनेलीची व त्याची जोडी सुटल्यावर १९२५ सालीं त्यानें 'द बटर अँड एग मॅन' एकट्यानें लिहिलें. वारशाचा पैसा खिशांत घेऊन ओहायो प्रांतांतला एक भाबडा तरुण न्यूयॉर्कला येतो आणि नाटकाच्या धंद्यांत भांडवल घालतो, असें त्याचें कथानक. नाटक चाललें. मोठ्या नाटकाला लागणारा दम आपल्या एकट्याच्या छातींत नाहीं अशी त्याची समजूत असती, तर या यशानें ती जावयाला हरकत नव्हती. परंतु एकट्यानें लिहिण्याचा हा उद्योग त्यानें पुढें वाढविला नाहीं. यशानंतरहि ज्या अर्थीं तो जोडीकडे परतला, त्या अर्थीं जोडी ही त्याची अगतिकता नसून निवड होती, असें म्हणावें लागतें.

त्याच वर्षीं मार्क्स बंधूंकरितां त्यानें 'द कोकोनट्स' लिहिलें. फ्लॉरिडांत त्या वेळीं जमिनीच्या सट्ट्याला ऊत आला होता, त्याची ती टवाळी होती. संगीत अर्विंग बर्लिनचें होतें. हे चौघे बंधु म्हणजे लेखकाच्या शब्दांना चौखूर उधळून लावणारे नट. संहितेंतलें वाक्य त्यांच्या तोंडीं जसेंच्या तसें येईल तर शपथ. एका प्रयोगाच्या वेळीं कॉफमन मागें उभा राहून कोणाशीं तरी बोलत होता. मध्येंच त्यानें हात वर करून त्या गृहस्थाला थांबविलें, रंगमंचाकडे कान दिला, आणि आपण लिहिलेलें एक वाक्य ऐकूं आल्याचा भास झाला, असा खुलासा केला. असें असूनहि त्यानें त्यांच्यासाठीं पुढें मॉरी रिस्किंडच्या साह्यानें 'ॲनिमल क्रॅकर्स' हें नाटक आणि १९३५ चा 'ए नाइट ॲट द ऑपेरा' हा बोलपट लिहिला. ग्राउचोच्या तोंडची ती वेगवान, तिरकी, समोरच्याला उत्तराची उसंत न देणारी भाषा पुष्कळ अंशीं कॉफमनच्या टांकसाळींतली आहे.

संगीत नाटकें लिहिणाऱ्या या माणसाला संगीताचें मात्र वावडें होतें. पद सुरू झालें कीं त्याला वाटे, आतां कथानक उभें राहिलें. आणि तेंच पद पुनः म्हटलें गेलें तर तो चडफडत बाहेर जाई. आपल्याकडे वन्समोअरांनीं रात्र उलटवून टाकणाऱ्या प्रेक्षकांत या गृहस्थाची काय अवस्था झाली असती याची कल्पनाच करावी! बर्लिननें एकदां त्याला चिरंतन प्रेमाची ग्वाही देणारें एक गीत ऐकविलें, तेव्हां एवढी मोठी मुदत घालण्यापेक्षां गुरुवारपर्यंतचें वचन दिलें तर अधिक विश्वासार्ह होईल, अशी दुरुस्ती त्यानें सुचविल्याचें सांगतात. प्रेमप्रवेशाविषयीं त्याची अशीच वृत्ति होती. नायक-नायिकांना एकत्र सोडण्याची वेळ आली कीं तो तें काम जोडीदारावर सोंपवी. भावना त्याला कळत नसे असें नाहीं. ती उघड बोलून दाखविण्याची त्याला लाज वाटे. विनोदी लेखकाचा हा दोष कीं गुण, याविषयीं दुमत होऊं शकेल. एवढें खरें कीं, त्याच्या नाटकांत रडें आणून टाळ्या घेण्याचा प्रसंग सहसा आढळत नाहीं.

उपरोधाचा रोख त्यानें राजकारणाकडे वळविला तो १९२७ सालीं. जॉर्ज गेर्श्विनचें संगीत असलेल्या 'स्ट्राइक अप द बँड' या नाटकांत परदेशी चीजवरील जकातीच्या भांडणावरून अमेरिका स्वित्झर्लंडशीं युद्ध पुकारते, आणि युद्धाचा खर्च एक चीज-कारखानदार उचलतो. हें नाटक फिलाडेल्फियांतच बंद पडलें. तीन वर्षांनीं रिस्किंडनें त्यांतली धार बोथट केली, चीजच्या जागीं चॉकलेट घातलें, सगळें युद्ध स्वप्नांत घडविलें, तेव्हां तें न्यूयॉर्कला चाललें. उपरोध म्हणजे शनिवारीं रात्रीं ज्याचा खेळ आटोपतो तें नाटक, अशी जी व्याख्या कॉफमनच्या नांवावर चालते, तिच्यामागें हा अनुभव आहे.

परंतु १९३१ चें साल वेगळें होतें. शेअरबाजार कोसळून दोन वर्षें झालीं होतीं, गांवोगांव बेकारांच्या रांगा लागल्या होत्या, आणि राज्यकर्त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. त्या वर्षीं २६ डिसेंबरला 'ऑफ दी आय सिंग' रंगभूमीवर आलें. लेखन कॉफमन व रिस्किंड यांचें, पदें आयरा गेर्श्विनचीं, संगीत त्याचा भाऊ जॉर्ज याचें. अध्यक्षपदाच्या निवडणुकींत सांगण्यासारखा एकहि कार्यक्रम पक्षाजवळ नसतो, म्हणून विंटरग्रीन नांवाचा उमेदवार 'प्रेम' हाच कार्यक्रम जाहीर करतो. सौंदर्यस्पर्धेंत जिंकणाऱ्या मुलीशीं त्यानें लग्न करावयाचें ठरतें. ऐन वेळीं तो मक्याचे पाव उत्तम भाजणाऱ्या दुसऱ्याच मुलीवर भाळतो, आणि त्यांतून आंतरराष्ट्रीय तंटा उभा राहतो. याहूनहि मौजेचा आहे तो उपाध्यक्ष थ्रॉटलबॉटम. त्याचें नांव कोणाच्या लक्षांत राहत नाहीं, तोंड कोणी ओळखत नाहीं, आणि अध्यक्षांचा वाडा आंतून पाहावयाचा म्हणून बिचारा प्रवाशांच्या टोळीबरोबर वाटाड्यामागून हिंडतो. प्रेक्षकांनीं हें नाटक डोक्यावर घेतलें. ४४१ प्रयोग झाले. सन १९३२ चें पुलिट्झर पारितोषिक त्याला मिळालें. संगीत नाटकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होय. पारितोषिक वाङ्मयाचें असल्यामुळें गद्य-पद्य लिहिणारे तिघे त्याचे धनी झाले आणि संगीतकार जॉर्ज गेर्श्विन वगळला गेला. हा न्याय आज कोणालाहि विचित्र वाटेल. त्याच लोकांनीं १९३३ सालीं या नाटकाचा उत्तरार्ध रचला. त्यांत विनोदापेक्षां कडवटपणा अधिक उतरला, आणि तो नव्वद प्रयोगांतच आटोपला.

आतां मॉस हार्टची हकीकत. कॉफमनच्या आयुष्यांतील हें प्रकरण सर्वांत अधिक ठाऊक झालेलें आहे, याचें कारण हार्टनें १९५९ सालीं लिहिलेलें 'ॲक्ट वन' हें आत्मचरित्र. हार्ट १९०४ सालीं जन्मला, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तींत वाढला, आणि उन्हाळी शिबिरांत पाहुण्यांची करमणूक करून व हौशी मंडळ्यांचीं नाटकें बसवून घर चालवूं लागला. बोलपट नुकताच सुरू झाला होता. मूकपटांतल्या नटांचा आवाज ऐकून हॉलिवूडची गाळण उडाली आहे, अशा वेळीं न्यूयॉर्कचीं तीन खेळांतलीं माणसें तेथें जाऊन आवाजाची शाळा काढतात, अशी कल्पना घेऊन त्यानें 'वन्स इन ए लाइफटाइम' लिहिलें. हॉलिवूड त्यानें तोंवर डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें. सॅम हॅरिस या निर्मात्यानें नाटक घेण्याचें कबूल केलें. अट एवढीच कीं, कॉफमननें बरोबर बसून तें पुनः लिहावें.

पंचवीस वर्षांचा हा मुलगा त्रेसष्टाव्या रस्त्यावरच्या कॉफमनच्या घरीं रोज जाऊं लागला. कामाला बसण्यापूर्वीं कॉफमन हात स्वच्छ धुई, शस्त्रक्रियेला निघालेल्या वैद्यासारखा. आणि मग जी कत्तल सुरू होई ती पाहून हार्टचा जीव वरखालीं होई. त्याला प्रिय असलेलीं वाक्यें एकामागून एक गळत. पानेंच्या पानें जात. आणि जातांना दिसे कीं, प्रवेश पूर्वींपेक्षां वेगानें पुढें सरकूं लागला आहे. एखाद्या वाक्यांतला एक शब्द जागेवरून हलवून हंशा कसा येतो, पात्र दारांतून आंत येण्यापूर्वीं प्रेक्षकाला काय ठाऊक असलें पाहिजे, हें सारें हार्ट तेथें शिकला. एक अडचण होती. कॉफमनला खाण्यापिण्याचें मुळींच अगत्य नव्हतें. दुपारच्या चहाबरोबर येणाऱ्या चिमुकल्या फराळावर त्याचें भागे, आणि हार्ट भुकेनें कासावीस होई. दुसरी अडचण याहून बिकट. हार्टला कृतज्ञता वाटे, ती तो बोलून दाखवूं जाई, आणि आभाराचा पहिला शब्द कानांवर पडतांच हा उंच, किडकिडीत, उभ्या केसांचा गृहस्थ खोलींतून काढता पाय घेई.

नाटकाचे प्रारंभींचे प्रयोग १९३० च्या उन्हाळ्याच्या तोंडाशीं ॲटलांटिक सिटींत झाले. पहिल्या अंकाला प्रेक्षक पोट धरून हंसले. पुढें हंशा विरळ होत गेला. तिसऱ्या अंकांत सभागृह गार पडलें. दोघांनीं पुष्कळ खटपट केली, पण गाडें तेथेंच अडे. शेवटीं कॉफमननें सांगितलें कीं, आपल्याला आतां अधिक कांहीं सुचत नाहीं, आणि त्यानें अंग काढून घेण्याचें ठरविलें. धंद्याच्या दृष्टीनें यांत वावगें कांहीं नव्हतें. हार्टच्या मात्र पायांखालची जमीनच सरली. त्यानें तिसऱ्या अंकाची नवी मांडणी मनाशीं जुळविली, दुसऱ्याच दिवशीं त्या घराची पायरी चढला, आणि ती सगळी उभ्याउभ्या सांगून टाकली. ऐकून घेतल्यावर कॉफमननें विचारलें तें एवढेंच कीं, कामाला कधीं बसावयाचें.

फिलाडेल्फियांत पुनः तोच अनुभव. पहिले दोन अंक उत्तम, तिसरा लुळा. तेव्हां हॅरिसनें हार्टपाशीं सहज म्हणून दाखविलें कीं, नाटकांत गलका फार होतो. प्रेक्षकाला घटकाभर श्वास घ्यावयाला कोठें मिळत नाहीं. हार्ट त्या रात्रीं शहरांत एकटाच भटकत राहिला आणि मुलांच्या एका क्रीडांगणांत जाऊन बसला. तेथें त्याला उमगलें. तिसऱ्या अंकांतला मोठा, खर्चिक, गर्दीचा देखावा काढून टाकावा, आणि आगगाडीच्या डब्यांत दोन थकलेलीं माणसें बोलत आहेत असा साधा प्रवेश घालावा. त्या दोघांपैकीं एक हॉलिवूडनें बोलावून घेऊन विसरून टाकलेला नाटककार. ही भूमिका स्वतः कॉफमनच करीत असे. हजारों डॉलर्सचें नेपथ्य मोडींत काढावयाचें, आणि तेंहि न्यूयॉर्कचा प्रयोग तोंडावर आला असतां! कॉफमननें तें मान्य केलें, आणि तो प्रवेश लिहून बसविला.

२४ सप्टेंबर १९३० रोजीं म्युझिक बॉक्स नाट्यगृहांत पहिला प्रयोग झाला. शेवटचा पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात, तेव्हां कॉफमन पुढें आला. भाषण करणें त्याला आवडत नसे. त्यानें लोकांना एवढेंच सांगितलें कीं, या नाटकाचा शेंकडा ऐशीं भाग मॉस हार्टचा आहे.

हा हिशेब खरा नव्हता, हें दोघांनाहि ठाऊक होतें. ज्या नाटकाचें पान न् पान त्याच्या हाताखालून गेलें, त्याचा पांचवाच हिस्सा त्याचा, असें कोणता मुनीम म्हणेल? मग तो असें कां म्हणाला? हा केवळ औदार्याचा भाग मानला तर कॉफमनला अर्धेंच ओळखल्यासारखें होईल. ज्याच्या मनांत नाटक प्रथम उगवलें तें त्याचें, आपण त्याची बाग छाटून दिली, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. छाटणी ही निर्मितीच असते हें त्यानें स्वतःपाशीं कधीं कबूल केलें नाहीं. आणि दुसरें असें कीं, आरंभापासून जो आभार टाळीत आला होता, त्यानें एका वाक्यांत उलट आभार मानून सगळें देणें फेडून टाकलें. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं स्तुति केली. हार्टनें त्याच दिवशीं आईवडिलांना व भावाला ब्रुकलिनच्या त्या जुन्या जागेंतून उठविलें, सामान जेथल्या तेथें टाकलें, पावसाचें पाणी आंत यावें म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि सर्वांना गाडींत घालून तो मॅनहॅटनला राहावयास गेला.

या जोडीनें दहा वर्षांत आठ नाटकें दिलीं. १९३४ चें 'मेरिली वुई रोल अलाँग' हें पैशाच्या मागें लागून मित्र गमावणाऱ्या एका नाटककाराची कथा शेवटाकडून प्रारंभाकडे सांगतें; अर्ध्या शतकानें, १९८१ सालीं, स्टीफन साँडहाइमनें त्यावरून संगीत नाटक केलें. डिसेंबर १९३६ मध्यें आलेलें 'यू कान्ट टेक इट विथ यू' हें सर्वांत लोकप्रिय ठरलें. न्यूयॉर्कमधल्या एका घरांत ज्याला जें आवडतें तें तो करतो. आजोबा पस्तीस वर्षांपूर्वीं एके दिवशीं कचेरीच्या वाटेवरून परत फिरले ते पुनः गेले नाहींत. ते साप पकडतात आणि प्राप्तीवरचा कर देत नाहींत. त्यांची मुलगी नाटकें लिहिते, कां, तर आठ वर्षांपूर्वीं चुकून एक टंकयंत्र घरीं येऊन पडलें. जांवई तळघरांत फटाके तयार करतो. अशा घरांतल्या एकुलत्या एक 'शहाण्या' मुलीवर बँकवाल्याच्या मुलाचें प्रेम बसतें, आणि त्याचे आईबाप ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्रींच जेवावयास येऊन थडकतात. मंदीनें पिचलेल्या प्रेक्षकांनीं या घराला आठशेंहून अधिक रात्री गर्दी केली. १९३७ चें पुलिट्झर पारितोषिक मिळालें. फ्रँक काप्रानें केलेल्या चित्रपटाला १९३८ चें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. यांतली ऊब हार्टची आणि आंबटपणा कॉफमनचा, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु जन्मभर चिंतेनें पोखरलेल्या, नोकरी सोडावयाला भ्यालेल्या माणसाच्या लेखणींतून तो निश्चिंत म्हातारा उतरला, ही गोष्ट तेवढ्यानें उलगडत नाहीं. जें आपणांस साधलें नाहीं त्याची हौस नाटकांत भागवून घेणारे लेखक पुष्कळ झाले आहेत.

१९३९ चें 'द मॅन हू केम टु डिनर' त्यांच्या मित्राच्या, म्हणजे वूलकॉटच्याच जिवावर उठलें. वूलकॉट हा टीकाकार व नभोवाणीवरचा लोकप्रिय वक्ता. तो एकदां हार्टच्या घरीं पाहुणा आला आणि त्यानें यजमानाला सळो कीं पळो करून सोडलें. याचा पाय मोडून हा येथेंच राहिला असता तर, हा एक उद्गार. त्यांतून नाटक निघालें. वूलकॉटला राग आला नाहीं. उलट पश्चिम किनाऱ्यावरच्या दौऱ्यांत आपली ही नालस्ती त्यानें स्वतःच हौसेनें वठविली. एडना फर्बर या कादंबरीलेखिकेबरोबर कॉफमननें लिहिलेलीं 'द रॉयल फॅमिली', 'डिनर ॲट एट' व 'स्टेज डोअर' हीं नाटकें यांहून गंभीर वळणाचीं आहेत. 'डिनर ॲट एट'मध्यें तर मेजवानीच्या आमंत्रणामागें एकेका पाहुण्याचा सर्वनाश दडलेला आहे.

१९४० नंतर हार्टनें वेगळी वाट धरली. मानसोपचार घेत असतां त्याला जाणवलें कीं, आपल्या पायांवर उभें राहावयाचें तर कॉफमनपासून दूर झालें पाहिजे. पुढच्याच वर्षीं त्याचें 'लेडी इन द डार्क' आलें. मैत्री तुटली नाहीं, जोडी तुटली. कॉफमननें तक्रार केल्याचें कोठें दिसत नाहीं. पण १९४० ते १९५० या दशकांत त्याच्या नाटकांची जी उतरती कळा दिसते ती बोलकी आहे. त्यांत १९४५ सालीं पत्नी बीट्रिस वारली. १९१७ सालच्या लग्नापासून तीच त्याची पहिली श्रोती होती, आणि तिच्या अभिप्रायावांचून त्याचें पान हालत नसे. १९४९ सालीं त्यानें लूईन मॅग्राथ या नटीशीं दुसरा विवाह केला. तो १९५७ सालीं संपुष्टांत आला. तरी १९५३ सालीं हॉवर्ड टाइकमन या नव्या जोडीदाराबरोबर त्यानें 'द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक' लिहिलें. मोठ्या कंपनीच्या भागधारकांच्या सभेंत एक म्हातारी साधेसुधे प्रश्न विचारून संचालकांची त्रेधा उडविते, ही त्याची कल्पना जुन्या कॉफमनला शोभणारी होती.

दिग्दर्शक म्हणून त्याचा दरारा मात्र शेवटपर्यंत राहिला. १९२८ चें 'द फ्रंट पेज', स्टाइनबेकच्या कादंबरीवरून झालेलें १९३७ चें 'ऑफ माइस अँड मेन', आणि १९५० चें 'गाइज अँड डॉल्स' हीं त्यानेंच बसविलीं. शेवटच्यानें बाराशें प्रयोग गांठले आणि कॉफमनला दिग्दर्शनाचें टोनी पारितोषिक मिळालें. ज्याला पदें सोसवत नव्हतीं त्याच्या हातून अमेरिकेंतील एक उत्कृष्ट संगीत नाटक उभें राहावें, यांत विधात्याची थट्टाच दिसते!

दूरचित्रवाणी आली तेव्हां तिच्यावरील एका कार्यक्रमांतहि तो बसूं लागला. १९५२ च्या नाताळांत, एक सुप्रसिद्ध भजन दर ठिकाणीं ऐकून कंटाळून, निदान या कार्यक्रमांत तरी तें कोणी म्हणूं नये, असें तो म्हणाला. शेंकडों लोकांनीं तक्रारी केल्या, जाहिरातदार घाबरले, आणि त्याला काढण्यांत आलें. मागाहून परत बोलावलें. ज्या भजनाचा बाजार मांडला गेला होता त्याची कड घेऊन तो बोलला होता, हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें.

२ जून १९६१ रोजीं न्यूयॉर्कमध्यें कॉफमनचा अंत झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मॉस हार्टहि गेला. 'ॲक्ट वन' प्रसिद्ध झालें तेव्हां कॉफमन हयात होता. ज्या आभारांपासून तो तीस वर्षें पळत आला, ते असे छापून त्याच्यापुढें आले, आणि खोलींतून निघून जाण्याची सोय उरली नाहीं. अमेरिकेच्या अभिजात वाङ्मयाच्या 'लायब्ररी ऑफ अमेरिका' या मालेनें २००४ सालीं त्याच्या नाटकांचा एक खंड काढला. त्यांत नऊ नाटकें आहेत आणि नऊहि जोडीनें लिहिलेलीं आहेत. एकट्यानें लिहिलेल्या 'बटर अँड एग मॅन'ला त्यांत जागा मिळालेली नाहीं. खंडाचें नांव 'कॉफमन अँड कंपनी' असें आहे.